पाककृती आणि तिच्याखालचे नाव

अमेरिकेतल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात एक जात अशी आहे, की दुकानाच्या दर्शनी कपाटात तिला सहसा जागा मिळत नाही. चर्चच्या महिला मंडळाने, शाळेच्या पालकसभेने, रुग्णालयाच्या मदत समितीने किंवा एखाद्या ज्यू स्त्रीसंघटनेने निधी गोळा करण्यासाठी छापलेले पाककृतींचे पुस्तक, ही ती जात. आकार वहीएवढा. बांधणी कधी नुसत्या टाचणीची, कधी ओल्या फडक्याने पुसता यावे म्हणून मेणकापडाची, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या दातेरी कण्याची. आत शंभर-दोनशे पाककृती, प्रत्येकीखाली ती देणाऱ्या बाईचे नाव, आणि अधूनमधून गावातल्या कोळशाच्या वखारीची, बँकेची, औषधांच्या दुकानाची जाहिरात. ही पुस्तके जमवणारे लोक आज पुष्कळ आहेत. त्यांतले बहुतेक जण ती खाद्यसंस्कृतीची साधने म्हणून जमवतात, काही जण आजीच्या काळातल्या केकच्या ओढीने. दोन्ही कारणे मला मान्य आहेत, पण पुरेशी वाटत नाहीत. ही पुस्तके सर्वांत आधी पैसा उभा करण्यासाठी निघाली. ती काढण्याची पद्धत ज्या काळात रुजली, त्या काळात ती काढणाऱ्या बायकांना मताचा अधिकार नव्हता आणि विवाहित स्त्रीचा मालमत्तेवरचा हक्क राज्याराज्यांत तुकड्यातुकड्यांनी मान्य होत होता. म्हणून ती एखाद्या संस्थेचे दप्तर वाचावे तशी वाचली पाहिजेत, आणि जमवायची तर तीही त्याच नजरेने, असे या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे.

सुरुवात यादवी युद्धात झाली. १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेकडच्या जखमी सैनिकांसाठी औषधे, कपडे, अन्न पुरवण्याचे काम सॅनिटरी कमिशन ही संस्था करीत होती आणि तिच्यासाठी शहरोशहरी मोठ्या जत्रा भरवल्या जात होत्या. जत्रेची दुकाने बायका चालवत, विकायच्या वस्तू त्याच गोळा करीत किंवा करून आणत. १८६४ साली फिलाडेल्फियात भरलेल्या अशा जत्रेसाठी मारिया मॉस यांनी 'अ पोएटिकल कुक-बुक' छापले. कवितांच्या ओळींची जोड दिलेल्या पाककृतींचे हे पुस्तक निधीसाठी निघालेले पहिले अमेरिकन पाकपुस्तक मानले जाते. युद्ध संपले तरी युक्ती संपली नाही. सैनिकांच्या विधवा, अनाथ मुले, कर्जात बुडालेली चर्चे, नवी रुग्णालये, गावातली वाचनालये अशी कारणे मिळत गेली आणि प्रत्येक कारणासाठी कुठले तरी मंडळ पाककृती गोळा करायला बसले. मार्गारेट कुक यांनी १८६१ ते १९१५ या कालखंडातल्या अशा पुस्तकांची सूची १९७१ साली प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे तीन हजार नावे आहेत, आणि ही पुस्तके दुकानांत विकली जात नसल्यामुळे अनेक पुस्तके कुठल्याच सूचीत चढलेली नाहीत हे उघड आहे.

तीन हजार मंडळांना एकच युक्ती सुचली, याचे कारण तिच्या हिशेबात आहे. मजकूर फुकट मिळतो, कारण तो सभासदांच्या घरात तयारच असतो. छपाईचा खर्च जाहिरातींतून निघतो. गावातल्या वाण्याला मंडळाच्या बायका रोजच्या गिऱ्हाईक असतात, त्यांना नाही म्हणणे त्याला परवडत नाही. विक्रीची हमी पाककृतींखालच्या नावांमुळे मिळते. दीडशे बायकांची नावे छापली की दीडशे घरांत एकेक प्रत जाते, आणि ज्या घरात सासूचे, बहिणीचे किंवा शेजारणीचे नाव असते तिथेही जाते. छपाई जाहिरातींत भागली असेल तर विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीचा पैसा सरळ कामाला लागतो. आपल्याकडे गणेशोत्सवाची स्मरणिका ज्यांनी कधी काढली आहे त्यांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. ओहायो राज्यातल्या मेरिसव्हिल या लहान गावात १८७६ साली चर्चच्या बायकांनी पाद्र्याचे घर बांधण्यासाठी असेच पुस्तक काढले. एस्टेल वुड्स विल्कॉक्स यांनी ते पुढे 'बकाय कुकरी' या नावाने वाढवले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर खपलेल्या पाकपुस्तकांत त्याची गणना झाली.

याहून बोलका दाखला मिलवॉकीचा. तिथे लिझी ब्लॅक कँडर या पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या मुलींसाठी सेटलमेंट हाऊसमध्ये, म्हणजे स्थलांतरितांच्या वस्तीतल्या समाजकेंद्रात, स्वयंपाकाचे वर्ग चालवत. फळ्यावरची पाककृती उतरवून घेण्यात मुलींचा वेळ जाई, म्हणून पाठ छापून घ्यावेत असे त्यांच्या मनात आले. त्यासाठी अठरा डॉलर हवे होते. संस्थेच्या पुरुष संचालकांनी ते नाकारले. कँडर आणि त्यांच्या सहकारी बायकांनी जाहिराती मिळवल्या आणि १९०१ साली 'द सेटलमेंट कुक बुक' च्या एक हजार प्रती छापल्या. वर्गातल्या मुलींना प्रत फुकट, बाकीच्यांना पन्नास सेंटला. पुढच्या दहा वर्षांत या पुस्तकाच्या उत्पन्नातून संस्थेच्या नव्या इमारतीला मोठा हातभार लागला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याचा खप वीस लाखांच्या घरात गेला. अठरा डॉलर नाकारणाऱ्या संस्थेला त्या नकारातून इमारत मिळाली. पुस्तकात चूल कशी पेटवावी आणि खोली कशी झाडावी इथपासून माहिती आहे. ती वाचताना मुखपृष्ठावरचे 'पुरुषाच्या हृदयाकडे जाण्याचा मार्ग' या अर्थाचे वचन तेवढे लक्षात राहते. मला मात्र जाहिरातींची पाने महत्त्वाची वाटतात. ती नसती तर पुस्तकच नसते, आणि नंतरच्या पुनर्मुद्रणांत नेमकी तीच गळतात.

आता पाककृतीखालच्या नावाकडे पाहू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक पुस्तकांत ही नावे 'मिसेस' नंतर नवऱ्याचे नाव-आडनाव अशी छापली आहेत. बाईचे स्वतःचे नाव कुठेच नाही. अविवाहित स्त्रिया तेवढ्या स्वतःच्या नावाने दिसतात. एकाच चर्चच्या पुस्तकाच्या १९२०, १९५० आणि १९८० च्या सुमारच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या, तर नवऱ्याचे नाव मागे पडून बाईचे नाव पुढे कसे येते ते पानापानावर दिसते. कायद्याची कलमे ज्या तारखेला बदलली ती तारीख इतिहासात मिळते. घराघरांत तो बदल कधी पोहोचला हे अशा आवृत्त्यांतून कळते. यासाठीच एका मंडळाचे एकच दुर्मीळ पुस्तक मिळवण्यापेक्षा त्याच मंडळाच्या साध्या, स्वस्त, पाठोपाठच्या आवृत्त्या मिळवणे मला जास्त मोलाचे वाटते.

नाव छापणे हे काही ठिकाणी जाणूनबुजून केलेले राजकारणही होते. १८८६ साली बॉस्टनमध्ये हॅटी बर यांनी 'द वुमन सफ्रेज कुक बुक' संपादित केले. मताधिकार मागणाऱ्या बायका घरदार वाऱ्यावर सोडतात, हा आरोप तेव्हा रोजचा होता. या पुस्तकात पाककृती देणाऱ्यांत डॉक्टर, धर्मोपदेशक, शिक्षिका, लेखिका आहेत, ल्यूसी स्टोन यांच्यासारख्या चळवळीच्या पुढारी आहेत आणि शेवटी मताधिकाराच्या बाजूने मान्यवरांची मते छापली आहेत. पावाची कृती वाचायला पुस्तक उघडणारी बाई मागची पाने चाळणारच, हा भरवसा त्यामागे होता. १९१५ साली पिट्सबर्गमध्ये निघालेल्या 'द सफ्रेज कुक बुक' ने एक पाऊल पुढे टाकले. त्यात मताधिकाराविषयी साशंक असलेल्या नवऱ्यासाठी एका पायची कृती आहे. तिच्या सामग्रीत युद्ध, बालमजुरी, दूषित पाणी, भेसळीचे अन्न अशी आठ कारणे घालायची आहेत, आणि कणीक मळताना उपरोध अजिबात वापरायचा नाही अशी सूचना आहे. पाच वर्षांनी, १९२० मध्ये, मताधिकार देशभर मिळाला.

या बॉस्टनशी मराठी वाचकाचे जुने नाते आहे. पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्च महिन्यात आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियात पोहोचल्या आणि पुढे अडीच-पावणेतीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचे पुस्तक १८८७ साली निघाले आणि त्याच्या विक्रीचा पैसा त्यांच्या नियोजित विधवाश्रमाच्या कामी आला. त्याच वर्षअखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि गावोगावच्या 'रमाबाई सर्कल्स' नी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले ते या पैशावर. ही मंडळे चालवणाऱ्या बायका आणि पाकपुस्तके काढणाऱ्या बायका एकाच सामाजिक थरातल्या होत्या. चर्चच्या तळघरात सभा घेणे, इतिवृत्त लिहिणे, खजिनदार नेमणे, थोड्या थोड्या रकमांचा हिशेब चोख ठेवणे, हे त्यांचे शिक्षण एकच होते. रमाबाईंनी १८८९ साली मराठीत लिहिलेल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात तिथल्या स्त्रियांच्या संघटनाशक्तीवर सविस्तर लिहिले आहे. ते वाचलेल्या वाचकाला ही पाकपुस्तके परकी वाटू नयेत.

पाकपुस्तके अशी दप्तरासारखी वाचण्यावर पहिला आक्षेप अभ्यासकांचा असतो आणि तो रास्त आहे. ही पुस्तके केक, पाय, पुडिंग आणि लोणच्यांनी भरलेली असतात. रोजच्या जेवणाला त्यांत फारशी जागा नसते. यावरून लोक काय खात होते हे ठरवणे म्हणजे दिवाळीच्या फराळावरून वर्षभराचे जेवण ठरवणे होय. आक्षेप खरा आहे, पण तो चुकीच्या दाव्यावर आहे. रोजचा रस्सा किंवा उकडलेले बटाटे लिहून ठेवण्याची कोणाला गरज नव्हती, ते बघून शिकले जात. केकला मात्र माप लागते, आणि तेही त्या काळी सैल होते. जुन्या पुस्तकांत लोणी 'अंड्याएवढे' असते, साखर 'चहाच्या कपाने' मोजलेली असते, भट्टी 'मंद' किंवा 'तेज' असते आणि कृती चार ओळींत संपते, कारण वाचणारीला बाकीचे ठाऊक आहे हे गृहीत असते. १८९६ साली फॅनी फार्मर यांच्या पुस्तकाने सपाट भरलेल्या कपाचे आणि चमच्याचे माप रूढ केले. त्यानंतर हळूहळू मंडळांच्या पुस्तकांतही अंड्याएवढे लोणी दिसेनासे होते. तेव्हा या पुस्तकांतून आहार कळत नसेल, पण काय लिहून ठेवण्याजोगे वाटत होते आणि कोणत्या पदार्थासाठी बाईला आपले नाव गावासमोर यावे असे वाटत होते, ते कळते. माझ्या दृष्टीने हे ज्ञान आहारापेक्षा कमी मोलाचे नाही.

दुसरा आक्षेप असा, की पाककृती मुळात त्या बायकांच्या नसतात. बेकिंग पावडरच्या कंपन्यांची पत्रके, मासिके, डब्यावरचे लेबल यांवरून उतरवलेल्या कृती खाली नाव घालून दिल्या जातात. शिवाय महायुद्धानंतर मॉरिस प्रेससारख्या, नेब्रास्कातल्या कर्नी गावच्या, खास या कामाच्या छापखान्यांनी मापांची कोष्टके, घरगुती सूचना आणि विभागांची चित्रे आयती पुरवली, त्यामुळे हजार मैलांवरची दोन पुस्तके जुळ्यांसारखी दिसतात. हे सगळे खरे आहे. जेल-ओ आणि कॅम्पबेलचे आटवलेले सूप ही दोन्ही उत्पादने १८९७ सालची. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती या पुस्तकांत अशी काही पसरली आहेत, की काही विभाग कंपनीनेच लिहिले असावेत असे वाटते. पण कंपनीच्या पत्रकातून फक्त तिला काय विकायचे होते ते कळते. गावाने त्यातले काय उचलले, काय बदलले आणि काय टाकून दिले हे मंडळाच्या पुस्तकाशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही. पत्रकातली कृती एखाद्या बाईने अक्रोड वाढवून, साखर कमी करून आपल्या नावाने दिली, तर तो बदल हाच पुरावा असतो. छापखान्याची आयती पाने वगळली की उरलेल्या पानांत स्थानिक काय ते अधिकच उठून दिसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ही पुस्तके ज्यांच्या नावाने आहेत त्या बहुतेक गोऱ्या, खात्यापित्या घरच्या बायका आहेत. स्वयंपाक अनेक घरांत दुसऱ्याच बायका करीत. १९५० साली चार्ल्स्टनच्या ज्युनिअर लीग या स्त्रियांच्या सेवासंस्थेने 'चार्ल्स्टन रिसीट्स' काढले. साडेसातशे पाककृतींचे हे पुस्तक आजही छापले जाते आणि त्याच्या उत्पन्नातून वाचा व श्रवणदोषांवरच्या उपचार केंद्राला पैसा मिळाला. पानापानांवर गला या कृष्णवर्णीयांच्या बोलीतल्या ओळी आणि त्यांच्या जीवनाची चित्रे आहेत, आणि पाककृतींखाली मालकिणींची नावे. ज्यांच्या हातची चव विकली गेली, त्यांची बोली सजावटीला आली आणि नावे वगळली गेली. याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि संग्राहकाने ते करूही नये. पण नाव छापण्याला किती किंमत होती हे या गाळण्यातूनच सिद्ध होते. ती किंमत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांनीही ओळखली होती. १९१० साली बर्था टर्नर यांनी पॅसाडीनात 'द फेडरेशन कुक बुक' काढले. कॅलिफोर्नियातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी दिलेल्या पाककृती त्यात आहेत. १९५८ साली नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या संस्थेने 'द हिस्टॉरिकल कुकबुक ऑफ द अमेरिकन नीग्रो' प्रसिद्ध केले आणि पाककृतींच्या जोडीने आपल्या समाजाचा इतिहासच मांडला. टोनी टिप्टन-मार्टिन यांचे 'द जेमिमा कोड' (२०१५) ज्यांनी वाचले आहे, त्यांना ही परंपरा किती लांबवर जाते हे ठाऊक असेल. ज्यांच्या संग्रहात फक्त ज्युनिअर लीगची देखणी पुस्तके आहेत, त्यांचा संग्रह मोठा असूनही अपुरा आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

या बाबतीत मलिंडा रसेल यांचे उदाहरण विसरता येत नाही. टेनेसीतल्या या स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई पेस्ट्रीचे दुकान चालवत. लुटल्या गेल्यावर आणि युद्धाच्या धामधुमीत त्या मिशिगनला निघून आल्या, आणि घरी परतण्यापुरता पैसा जमावा म्हणून १८६६ साली पॉ पॉ या गावी त्यांनी 'अ डोमेस्टिक कुक बुक' छापून घेतले. हा निधी एका मंडळाचा नव्हता, एका बाईचा होता. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने लिहिलेले हे आज माहीत असलेले सर्वांत जुने पाकपुस्तक. जॅन लाँगोन या ॲन आर्बरच्या पुस्तकविक्रेत्या आणि संग्राहक बाईंच्या हाती ते २००० च्या सुमारास आले, तोवर ते जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांचा संग्रह आता मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. एका पातळ पुस्तिकेमुळे अमेरिकन पाकसाहित्याच्या इतिहासाची सुरुवातीची पाने बदलली, आणि ती पुस्तिका वाचली ती कोणी तरी ती फेकली नाही म्हणून.

आता सगळे संगणकावर आले असताना कागद कशाला, असेही विचारले जाते. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या 'फीडिंग अमेरिका' प्रकल्पाने ७६ जुनी पाकपुस्तके कोणालाही वाचता येतील अशी ठेवली आहेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही असे काम केले आहे आणि त्याचा उपयोग प्रत्येकाने करावा. पण हे काम मुख्यतः जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांपुरते आहे. १९४० ते १९८० या काळातली दातेरी कण्याची पुस्तके संख्येने सर्वांत जास्त आणि जपणुकीने सर्वांत दुर्लक्षित आहेत. शिवाय प्रत म्हणजे केवळ मजकूर नव्हे. एखाद्या कृतीशेजारी पेन्सिलीने केलेली दुरुस्ती, समासात लिहिलेले 'चांगला झाला' किंवा 'पुन्हा नको', मध्ये ठेवलेले वर्तमानपत्राचे कात्रण, लोण्याच्या डागाने पारदर्शक झालेले एकच पान, यांतून पुस्तकातले नेमके काय वापरले गेले ते कळते. आजचा बाजार कोऱ्या प्रतीला जास्त पैसे देतो. अभ्यासासाठी वापरलेली प्रत श्रेष्ठ, असे माझे मत आहे.

जाहिरातींचा आणखी एक उपयोग सांगायला हवा. यांतल्या पुष्कळ पुस्तकांवर वर्ष नसते. तेव्हा जाहिरातीतल्या दूरध्वनी क्रमांकाला किती आकडे आहेत ते पाहावे, दुकानाचे नाव त्या शहराच्या जुन्या निर्देशिकेत शोधावे. १९११ साली बाजारात आलेले क्रिस्को हे वनस्पती तूप पाककृतीत असेल तर पुस्तक त्यापूर्वीचे असू शकत नाही. साखरेला पर्याय म्हणून मध किंवा काकवी घालण्याच्या सूचना वारंवार येत असतील तर १९१८ किंवा १९४२ नंतरची टंचाईची वर्षे तपासावीत. म्हणून पाने फाडून विकणारे, जाहिराती काढून नव्याने बांधून घेणारे संग्राहक आपल्याच वस्तूचा पुरावा नष्ट करतात.

मराठीत ही परंपरा त्याच रूपात रुजली नाही. आपली गाजलेली पाकपुस्तके एकेका लेखिकेच्या नावाने आहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० सालचे, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची. तरी सारस्वत महिला समाजाची 'रसचंद्रिका' आपल्याकडे आहे, मुंबईतल्या पारशी स्त्रियांच्या टाइम अँड टॅलेंट्स क्लबचे इंग्रजी पाकपुस्तक आहे, आणि महिला मंडळांनी, ज्ञातिसंस्थांनी, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी काढलेल्या कितीतरी पुस्तिका व स्मरणिका घराघरांत पडून आहेत. त्यांवर ना वर्ष असते ना छापखान्याची नीट नोंद, आणि घर आवरताना त्या सर्वांत आधी रद्दीत जातात. अशी पुस्तिका हाती आली तर ती कोणाची, कोणत्या कामाच्या निधीसाठी निघाली, साधारण कोणत्या वर्षी, आणि घरात कोणी वापरली, एवढे मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलीने लिहावे, जाहिरातींची पाने जशीच्या तशी राहू द्यावीत, आणि स्वतःला ठेवायची नसेल तर जवळच्या ग्रंथालयाला द्यावी, एवढीच वाचकांना विनंती आहे.